गर्भवतीच्या घोरण्याकडे लक्ष कोण देणार?

दर महिन्याच्या नऊ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीसाठी सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची रांग लागते. वजन होते, रक्तदाब मोजला जातो, रक्त-लघवी तपासली जाते. ‘रात्री घोरतेस का?’ हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. मीही कित्येक वर्षे विचारत नव्हतो. विचारू लागलो, तेव्हा मुली लाजून खाली बघत आणि सोबतची आई किंवा सासू हसून म्हणे, ‘‘घोरत्या की डॉक्टर! गाढ झोप लागत्या तिला.’’

गैरसमज आहे तो इथेच. घोरणे ही गाढ झोपेची नव्हे, तर घशातली हवेची वाट अरुंद झाल्याची खूण आहे. झोपेत ही वाट वारंवार बंद होऊन श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ अडू लागला, की त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. गर्भारपणात संप्रेरकांमुळे नाकाच्या आतल्या अस्तराला सूज येते, वजन वाढते, वाढते गर्भाशय छातीखालचा पडदा वर ढकलते. त्यामुळे पूर्वी न घोरणारी स्त्रीही या काळात घोरू लागते. घोरणाऱ्या प्रत्येकीला ॲप्निया नसतो. पण जिला असतो, तिच्या रक्तातला प्राणवायू रात्रभर वरखाली होतो आणि रक्तदाब उसळत राहतो.

अमेरिकेत तीन हजारांहून अधिक पहिलटकरणींच्या झोपेची तपासणी झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गर्भारपणाच्या सुरुवातीला ३.६ टक्के, तर मध्यावर ८.३ टक्के स्त्रियांमध्ये झोपेतील श्वासाचा बिघाड आढळला. अशा स्त्रियांना प्रीएक्लॅम्पसियाचा, म्हणजे गर्भारपणातील घातक रक्तदाबाचा, धोका जवळपास दुप्पट आणि गर्भारपणातील मधुमेहाचा सुमारे तिप्पट होता. बाळाची वाढ खुंटणे आणि वेळेआधी प्रसूती होणे यांच्याशीही या विकाराचा संबंध इतर अभ्यासांत दिसला आहे.

अडचण अशी, की घोरणारीला स्वतःचे घोरणे ऐकू येत नाही. ते ऐकतो नवरा. पण तो तपासणीच्या खोलीत क्वचितच येतो. पुढे मुलगी बाळंतपणासाठी माहेरी जाते, तिथे डॉक्टरही बदलतो आणि नवऱ्याने ऐकलेले कोणाच्याच कानावर जात नाही. दिवसाची पेंग तर ‘दिवस गेलेत, थकवा येणारच’ म्हणून सोडून दिली जाते.

मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबून दचकून जाग येणे, सकाळी डोके दुखणे, दिवसा झोप अनावर होणे, यांपैकी काही दिसले तर डॉक्टरांना सांगा. सोबत रक्तदाब, साखर किंवा वजन जास्त असेल, तर थांबू नका. निदान एका रात्रीच्या झोपेच्या तपासणीने होते. घरी नेता येणारी छोटी यंत्रेही आहेत. उपचार म्हणजे सीपॅप, मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र. त्यात औषध नाही आणि गर्भारपणात ते सुरक्षित आहे. कुशीवर झोपावे, झोपेच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. सिझेरियन होणार असेल, तर भूलतज्ज्ञांना घोरण्याबद्दल आधीच सांगावे.

सरकारी यंत्रणेने दोन गोष्टी कराव्यात. नऊ तारखेच्या तपासणीत आणि आशाताईंच्या गृहभेटीत घोरण्याचा प्रश्न विचारून उत्तर लिहून ठेवावे. त्याला खर्च नाही. दुसरे, जिल्हा रुग्णालयात तपासणीची छोटी यंत्रे आणि काही सीपॅप असावेत, गर्भारपणापुरते घरी नेण्यासाठी. अनेकींचा त्रास बाळंतपणानंतर कमी होतो. तेव्हा पुन्हा तपासून यंत्र परत घेता येईल. गगनबावडा किंवा चंदगडहून येणाऱ्या कुटुंबाला चार महिन्यांसाठी ते विकत घ्या म्हणून सांगणे व्यवहार्य नाही.

तोवर घरच्यांनी एवढे करावे. पुढच्या तपासणीला नवऱ्याने सोबत जावे आणि रात्री जे ऐकले, ते डॉक्टरांना सांगावे.