जुनी बंदूक, नवी दारू आणि ‘ड्रॅम’चा घोळ

१/ ‘जुन्या छर्‍याच्या बंदुकीत धूरविरहित दारू खुशाल भरावी, फक्त धक्का कमी बसेल इतकीच.’ इतिहासप्रेमींच्या चर्चेत हे विधान ठामपणे केले जाते. ते चुकीचे आहे. साधनचिकित्सा न करता वाचलेला एक आकडा माणसाची बोटे कशी घेऊ शकतो, हे त्यावरून कळते.

२/ काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती मापाने भरत. १८६०च्या दशकात प्रशियन तोफखान्यातील अधिकारी शुल्ट्झे याने लाकडापासून नवी दारू बनवली; १८८२मध्ये ब्रिटनमध्ये ‘ई. सी.’ दारू आली. या दोन्ही हेतुतः फुगीर ठेवल्या होत्या, म्हणजे जुनेच माप चालावे.

३/ मग १८८७ साली नोबेलने बॅलिस्टाइट आणले. ही दारू घन. ती तोलूनच भरायची. तिने जुने माप काठोकाठ भरणे म्हणजे नळीत कैकपट ऊर्जा कोंबणे होय.

४/ तरीही काडतुसांच्या खोक्यांवर ‘३ ड्रॅम’ छापणे सुरूच राहिले. काळ्या दारूचे ३ ड्रॅम म्हणजे सुमारे ५.३ ग्रॅम. नव्या काडतुसावर मात्र तो आकडा दारूचे वजन सांगत नाही; तितक्या काळ्या दारूने तेवढ्याच छर्‍यांना जो वेग मिळाला असता, तो सांगतो. शब्द तोच राहिला, अर्थ बदलला.

५/ धक्का हा दाबाचा पुरावा नव्हे. तो मुख्यतः छर्‍यांच्या वजनावर आणि वेगावर ठरतो. सौम्य धक्क्याच्या काडतुसातही दाबाचे शिखर घातक असू शकते.

६/ ‘मग सावकाश जळणारी दारू घ्या’ हेही अर्धसत्यच. तिचे शिखर कमी असते, पण दाब नळीत पुढपर्यंत टिकतो. आणि नळी पुढे पातळ होत जाते. शिवाय हलक्या भारात अशी दारू नीट जळतही नाही.

७/ सगळे खापर दमास्कस नळ्यांवर फोडणे हा दुसरा आळस. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या त्या नळ्यांपैकी अनेक उत्तम होत्या. प्रश्न ‘दमास्कस’चा नसून तुमच्या समोरच्या बंदुकीचा आहे: भिंतीची जाडी किती, आतून गंज किती, काडतुसाचा कप्पा अडीच इंची की पावणेतीन इंची, आणि लंडन वा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचा ठसा कोणत्या दारूसाठी आहे?

८/ म्हणून दारू निवडणे म्हणजे डबा निवडणे नव्हे. दारू, कवच, टोपी, डाट आणि छर्‍यांचे वजन यांची संपूर्ण, दाब मोजून प्रसिद्ध झालेली कृती हवी. त्यातला एक घटक बदलला, तरी मोजलेला दाब निरर्थक ठरतो.

९/ ‘आमच्या आजोबांनी आयुष्यभर असेच उडवले’ हा पुरावा नाही. ज्यांच्या नळ्या फुटल्या, त्यांचे नातू अशा गोष्टी सांगत नाहीत. ठसा वाचा आणि जाणत्या बंदूक-कारागिराकडून नळी मोजून घ्या. शंका उरली, तर बंदूक भिंतीवरच शोभते.