हेगमध्ये आपण जे मागितलं, ते इथंही द्यायला पाहिजे

हल्ली ग्रुपवर एक मेसेज वरचेवर फिरतो. बांधकामावरच्या परप्रांतीय कामगारांचा फोटो आणि खाली "हे बांगलादेशी आहेत, हाकला". उंब्रज हायवेवरचं गाव, बाहेरची माणसं येणारच. संशय आला तर पोलिसांना जरूर कळवा. पण पोलिसांनी ताब्यात घेतल्यावर पुढं काय व्हायला पाहिजे, यावर कुणी बोलत नाही. म्हणून थोडं सविस्तर लिहितोय.

कुलभूषण जाधव आठवतात ना? जन्म सांगलीचा. २०१६ मध्ये पाकिस्ताननं पकडलं, एप्रिल २०१७ मध्ये लष्करी कोर्टानं फाशी सुनावली. आपल्या वकिलातीच्या अधिकाऱ्यांना भेटूच दिलं नाही. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १७ जुलै २०१९ ला निकाल लागला, १५ विरुद्ध १. पाकिस्ताननं व्हिएन्ना कराराचं कलम ३६ मोडलं, असं कोर्टानं सांगितलं. हे कलम साधं आहे: परदेशी माणसाला पकडलं तर त्याला त्याचे हक्क सांगा, त्यानं म्हटलं तर त्याच्या वकिलातीला विनाविलंब कळवा, भेटू द्या. "हा हेर आहे, त्याला हे लागू नाही", हा पाकिस्तानचा बचाव टिकला नाही. त्या दिवशी आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते.

आता तोच करार भारतालाही लागू आहे, बघा.

आणि करार राहू द्या, आपली घटनाच काय सांगते? कलम २१ आणि २२ मध्ये 'नागरिक' नाही, 'व्यक्ती' हा शब्द आहे. अटकेचं कारण सांगायचं, वकील भेटू द्यायचा, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं. कारण त्या माणसाला समजेल अशा भाषेत लेखी द्या, असं सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं. तो खटला आपल्याच महाराष्ट्रातला.

हे पाळलं नाही तर काय होतं? जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात कामाला आलेल्या पश्चिम बंगालच्या काही कामगारांना बांगलादेशी समजून पकडलं, बीएसएफच्या ताब्यात दिलं आणि थेट सीमेपलीकडं ढकललं. त्यात मुर्शिदाबादचा एक गवंडी होता. बंगाल सरकारनं कागद दाखवले तेव्हा ही माणसं परत आली. म्हणजे भारताचे नागरिक भारतानंच बाहेर काढले! कोर्टापुढं नेऊन चौकशी झाली असती तर ही वेळ आली असती का?

"मग घुसखोरांचे लाड करायचे का?" असं कुणीतरी विचारणारच. अजिबात नाही. बेकायदा आलेल्यावर खटला चालवा, शिक्षा द्या, राष्ट्रीयत्व नक्की करून परत पाठवा. पण २०२५ च्या नव्या इमिग्रेशन कायद्यातही 'मी परदेशी नाही' हे सिद्ध करायची जबाबदारी त्या माणसावरच आहे. आधार कार्ड नागरिकत्वाचा पुरावा धरत नाहीत. मग फोन काढून घेतलेला, मराठी न येणारा माणूस कोठडीतून गावाकडचे कागद आणणार कसे?

आपली माणसं कुठं कुठं आहेत तेही आठवा. विटा-खानापूरचे गलाई बांधव देशभर पसरलेत. परमुलखात त्यांची भाषा ऐकून कुणी "कागद दाखव" म्हटलं तर? कुणाची पोरं अमेरिकेत आहेत. तिथं इमिग्रेशन खातं तुरुंगाला 'डिटेनर' पाठवतं: सुटका होणार असली तरी आणखी ४८ तासांपर्यंत धरून ठेवा. तिथं अडकलेल्या मराठी पोराला वकील मिळावा, भारतीय वकिलातीला कळावं, असं आपल्याला वाटणारच ना? मग इथं वेगळा न्याय कशाला?

शेवटी कामाचं. कोठडीतल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, कोणत्याही देशाचा असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. कराडच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, हेल्पलाइन १५१०० आहे. तुमच्याकडं कामाला असलेला माणूस उचलला गेला तर त्याच्या घरी फोन करा आणि हा नंबर द्या. आणि ग्रुपवर कुणाचा फोटो टाकायच्या आधी थांबा. देश ठरवायचं काम कोर्टाचं आहे, ग्रुप ॲडमिनचं नाही.