शून्य पाहून घ्या!

धान्याची रास मोजताना आपल्याकडे पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार अशी मापे पडत जातात. देणाऱ्याचेही भले व्हावे आणि घेणाऱ्याचेही, असा काहीसा भाव त्यात असावा. पेट्रोल-पंपावरची मोजणी मात्र शून्यापासून सुरू होते. हातात नळी धरलेला पोरगा म्हणतो, “साहेब, झीरो बघा,” आणि साहेब पाकीट शोधता शोधता मान न वळवताच म्हणतात, “हो, हो, भर.” पुढचा लाभ कोणाच्या पदरात पडायचा, हे पुष्कळदा त्या ‘हो, हो’मध्येच ठरून जाते.

ऐन दिवाळीत हे पंपाचे पुराण कशाला, असे कोणी म्हणेल. पण दिवाळीची सुट्टी लागली की घरोघरच्या मोटारी बाहेर पडतात. कोणी कोकणात उतरतो, कोणी माहूरला जातो, आणि ज्यांची मुले परदेशी आहेत ते तिकडच्या भाड्याच्या मोटारीतून तिकडचे डोंगर पाहतात. अनोळखी रस्त्यावर टाकी भरायची वेळ आली की शहाणासुरता माणूसही जरा बावचळतो. आपल्या गल्लीतल्या वाण्याशी पाव किलो शेंगदाण्यावरून हुज्जत घालणारी गृहिणी परमुलखातल्या पंपावर हजाराची नोट काचेतून मुकाट्याने बाहेर काढते. (हजाराची नोट २०१६ साली गेली, आता पाचशेच्या दोन काढते, एवढाच फरक!)

मराठी शिकवण्याचा धंदा असल्यामुळे शब्दांकडे जरा वाकडे जातो, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. आपल्या भाषेत मापाचे वाक्प्रचार थोडे नाहीत. ‘मापात पाप’ तर सर्वांच्या तोंडी आहे. ‘झुकते माप’ म्हणजे गिऱ्हाइकाच्या बाजूला पारडे थोडे खाली जाऊ देणे. हा व्यापाऱ्याचा मोठेपणा. आणि तराजूची दांडी बोटाने हळूच दाबणे म्हणजे ‘दांडी मारणे’. आमचे विद्यार्थी आज तासाला मारतात ती दांडी वेगळी, पण गैरहजर माल हजर दाखवायचा, हे सूत्र दोन्हीकडे सारखेच! चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली ही मापे १९५६ च्या कायद्यानंतर हळूहळू गेली आणि किलो-लिटर आले. मापे बदलली. दाबणारे बोट मात्र आपल्या जागी राहिले.

या बोटाविरुद्धची एक जुनी लढाई आमच्या वऱ्हाडात झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना बोरी अरब हे गाव लागते. दारव्ह्याच्याही पुढे गेले की कारंजा येते, ज्याला ‘लाडांचे कारंजे’ म्हणतात. हा सारा कापसाचा मुलूख. या कारंज्यात १८८६ साली हिंदुस्थानातली पहिली नियंत्रित कापूस-बाजारपेठ सुरू झाली, आणि १८९७ साली वऱ्हाडातल्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला. साहेबाला यात शेतकऱ्याचा कळवळा होता असे नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना नीट कापूस हवा होता. पण बाजाराचे नियम कागदावर यावेत, तोलाई कोणी करायची आणि शेतकऱ्याकडून काय कापायचे याला काही शिस्त असावी, ही गोष्ट त्यातून रुजली. शेतकरी गाडी घेऊन परगावी यायचा, काटा दुसऱ्याच्या हातात असायचा, आणि दिवस मावळायच्या आत घरी पोहोचायची त्याला घाई असायची.

आता पंपावर उभ्या असलेल्या मोटारवाल्याकडे पाहा. तोही परगावचा, काटा दुसऱ्याच्या हातात, आणि घाई तर पाचवीला पुजलेली. शेतकरी विकणारा होता आणि हा विकत घेणारा आहे, एवढेच काय ते निराळे.

बोरी अरबला माझ्या मावसबहिणीचे घर आहे. तिच्या यजमानांना आम्ही भाऊजी म्हणतो. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, अमेरिकेत न्यू जर्सीला नोकरीला असतो. मागे एका दिवाळीला तो आला आणि पुण्याच्या मित्राची मोटार घेऊन गावाकडे निघाला. मला त्याने वाटेत घेतले. भाऊजी कामानिमित्त बाहेर गेले होते, तेही बरोबर आले. गाडीवर पाटी ‘एमएच १२’ची. आमच्या जिल्ह्याची ‘एमएच २९’ची पाटी असती तर पुढचे घडले असते की नाही, सांगता येत नाही. पाटी पाहूनच पाहुणा ओळखता येतो, हे खरे.

रस्त्यातल्या एका पंपावर भाच्याने हजार रुपयांचे पेट्रोल सांगितले. पोराने नळी लावली आणि दोनशेवर थांबवली. “हजार म्हणाले का साहेब? मी दोनशे ऐकलं.” लगेच त्याने पुन्हा नळी दाबली. दुसरा एक जण पुढची काच पुसू लागला आणि भाच्याला विचारू लागला, “पेमेंट कसं, कार्ड का फोन?” एवढ्यात आकडा आठशेवर येऊन थांबला. “झालं साहेब. दोनशे आणि आठशे, हजार.”

हिशेब ऐकायला अगदी चोख आहे. गोम अशी की, दोनशेनंतर आकडे पुसून शून्यावर आणलेच नव्हते. मोजणी दोनशेपासूनच पुढे चालली होती, तेव्हा आठशेवर थांबली म्हणजे एकूण पेट्रोल आठशेचेच पडले. पहिले दोनशे गिऱ्हाईक दोनदा मोजते.

भाऊजी दार उघडून खाली उतरले. आवाज न चढवता म्हणाले, “भाऊ, छापील पावती काढून द्या बरं.”

पोरगा म्हणाला, “काका, मशीनवर दिसते ना.”

“तेच तर म्हणतो. मशीनवर दिसते तेच कागदावर पाहू.”

पावती निघाली, तिच्यावर आठशेच होते. उरलेले दोनशेचे पेट्रोल टाकीत पडले. यावेळी भाऊजींनी शून्य पाहून घेतले आणि मोठ्याने म्हटलेही, “हां, शून्य झालं. आता भरा.” भाचा तणतणत होता. भाऊजी म्हणाले, “रागाची गोष्ट नाई राजा, मापाची गोष्ट हाय. त्याले शिव्या देऊन पेट्रोल वाढते का?”

पुढच्या वाटेवर भाच्याने तिकडचे अनुभव सांगितले, ते ऐकण्यासारखे होते. न्यू जर्सी हे अमेरिकेतले मोठे चमत्कारिक राज्य. तेथे १९४९ सालापासूनच्या कायद्याने मोटारवाल्याला स्वतःच्या हाताने पेट्रोल भरता येत नाही. पंपावरच्या माणसानेच भरायचे. एरवी अमेरिकेत जो तो आपली नळी आपण धरतो, तेव्हा ठकलो तर यंत्रानेच ठकायचे. तेथले ‘गॅलन’ही आपल्याला फसवते. अमेरिकी गॅलन सुमारे ३.७९ लिटरचे आणि जुने इंग्रजी गॅलन सुमारे ४.५५ लिटरचे. नाव एकच, पण मापात पाऊण लिटरचा फरक!

एकदा हा भाचा मित्रांबरोबर मेक्सिकोत गेला होता. तेथेही पेट्रोल भरणारा माणूस असतो, आणि त्याला चार पेसो बक्षीस देण्याची रीत आहे. त्या देशात २०१८ साली ५०० पेसोंची नवी नोट निघाली. ती निळी, आणि तिच्यावर बेनितो हुआरेस या त्यांच्या जुन्या राष्ट्राध्यक्षांचे चित्र. त्याआधीपासून चालणारी २० पेसोंची नोटही निळी, आणि तिच्यावरही तेच हुआरेस! नव्या माणसाने ५०० ची नोट द्यावी, पंपावाल्याने पाठ वळवावी, आणि पुन्हा तोंड फिरवून २० ची नोट दाखवत म्हणावे, “आपण हीच दिलीत.” भाच्याच्या मित्राने त्यावर उपाय काढला होता. नोट देताना ती दोन्ही हातांनी धरायची, तिची किंमत स्पष्ट उच्चारायची, आणि मगच सोडायची. भाषा येत नसली तरी तीन शब्द पाठ करून जावेत असे भाचा म्हणाला: शून्याला काय म्हणतात, टाकी पूर्ण भर कसे सांगतात, आणि पावती कशी मागतात. परमुलखात हा तीन शब्दांचा कोश पुरतो. शून्याला तेथे ‘सेरो’ म्हणतात, तेव्हा आमच्या पोराच्या ‘झीरो’पासून ते फार लांब नाही.

इथवर सांगितली ती डोळ्यांनी पकडता येणारी चोरी. गाडीतून खाली उतरावे, टाकीचे झाकण उघडण्याआधी आकड्याच्या पाटीसमोर उभे राहावे, कोणी बोलायला आले तर “भरून झाल्यावर बोलू” म्हणावे, आणि दरही पाहून घ्यावा. कारण १६ जून २०१७ पासून देशभर पेट्रोलचा भाव रोज ठरण्याची पद्धत आली. एवढे केले तर ही चोरी बहुतेक थांबते.

दुसरी चोरी डोळ्यांना दिसत नाही. यंत्राच्या पोटात पेट्रोल वाहू लागले की मापकाची चाके फिरतात. त्या फेऱ्यांचे विजेचे ठोके होतात, आणि ते ठोके मोजून समोरचे आकडे पळतात. मध्ये एक छोटीशी चिप बसवली की ठोके वाढतात. आकडा पुढे धावतो आणि पेट्रोल मागे राहते. एप्रिल २०१७ मध्ये लखनौला उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष पथकाने असे पंप पकडले. कोणी आले तर दूरनियंत्रकाने चिप बंद करण्याची सोयही त्यांत होती! त्याच वर्षी ठाणे पोलिसांनी वैधमापन खात्याला बरोबर घेऊन महाराष्ट्रात ठिकठिकाणी छापे घातले. अशा ठिकाणी तुम्ही शून्याकडे टक लावून पाहिलेत तरी शून्य बिचारे खरेच असते. आणि येथे नळी धरणाऱ्या पोराचा हात नसतो. यंत्राचे पोट उघडणारा माणूस निराळा.

या चोरीवर औषध एकच, ते म्हणजे माप. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेले ५ लिटरचे माप ठेवावेच लागते, आणि गिऱ्हाइकाने मागितले तर त्यात पेट्रोल मोजून दाखवावे लागते. हे धातूचे भांडे असते. त्याची मान अरुंद असते आणि मानेवर रेघा असतात. आधी ते आतून ओले करून रिकामे करायचे, मग सपाट जागी ठेवून यंत्रावर ५ लिटर भरायचे. रेघेपेक्षा २५ मिलिलिटरपर्यंत फरक चालतो. त्याहून कमी भरले तर तक्रारवही मागावी, वैधमापन खात्याला कळवावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे. भेसळीचा संशय आला तर गाळणकागद मागावा. त्यावर पेट्रोलचा थेंब टाकला आणि उडून गेल्यावर डाग उरला नाही, तर माल चांगला.

काही लोकसमजुतींना मात्र काही अर्थ नाही. शंभरऐवजी एकशेदहाचे पेट्रोल घेतले की फसवणूक होत नाही, असे पुष्कळ जण मानतात. चिपेला शंभर आणि एकशेदहा सारखेच. पहाटे गारव्यात भरले की जास्त मिळते, हाही तसाच समज. पेट्रोल दहा अंशांनी तापले तर सुमारे शेकडा एक फुगते हे खरे; पण पंपाची टाकी जमिनीखाली असते, आणि तिचे तापमान सकाळ-दुपारी फारसे बदलत नाही. झोपमोड करण्यात लाभ नाही.

भाऊजींनी ५ लिटरचे माप एकदा मागितले होते. हा पंप निराळा. मागे मोटारसायकलींची रांग. कोणी कर्णे वाजवले, कोणी म्हणाले, “काका, तुमच्या एका मापापायी आमचा खोळंबा.” व्यवस्थापकाने भांडे शोधून आणले, पुसले, आणि मोजले. पेट्रोल अगदी रेघेला लागले. भाऊजींनी त्याला हात जोडले, ते ५ लिटर आपल्या गाडीत ओतून घेतले, पैसे दिले, आणि तेव्हापासून ते त्याच पंपावर जातात. मी विचारले, “भाऊजी, माप बरोबर निघालं, मग एवढा खटाटोप फुकटच ना?”

ते म्हणाले, “फुकट कसा? मागं ते पोट्टे उभे होते, रोज शंभराचं टाकणारे. असा डबा असते हे त्यायले ठाऊकच नव्हतं. आता झालं.”

शंभराचे टाकणारा हा माणूस आपण विसरतो. २०२१ साली पेट्रोलने लिटरला शंभरी ओलांडली. त्याच्या शंभरातून लिटरमागे दहा मिलिलिटर गेले तर रुपया जातो. त्या रुपयासाठी तो भांडे मागत नाही. त्याला मजुरीवर पोहोचायचे असते, आणि पाच लिटर भरण्याइतके पैसे त्याच्या खिशात नसतात. माप मागणे हे ज्याची टाकी मोठी आहे, ज्याला दहा मिनिटे थांबता येते, त्याचेच काम आहे. तुमच्या-माझ्यासारख्या मोटारवाल्याने वर्षातून एकदोनदा ते मागितले, तर त्या पंपावरचे माप सर्वांसाठीच ताळ्यावर राहील. प्रामाणिक पंपवाल्यालाही त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. त्याची तर फुकट जाहिरात होते.

असो. फराळाचे ताट समोर असताना फार उपदेश करू नये. दिवाळीच्या प्रवासाला निघाल तेव्हा चकल्यांचा डबा, पाण्याची बाटली आणि मुलांच्या टोप्या घेतल्या की नाही हे पाहालच. टाकी भरताना मात्र पाच मिनिटे खाली उतरा, पाय मोकळे करा, आणि त्या पोराने “झीरो बघा” म्हटले की खरोखरच बघा. त्यालाही दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला विसरू नका. सणासुदीला तो आपल्यासाठी उभा असतो.