सैतानाचा पीळ

काय दोस्तांनो, बाटलीचं बूच उपसायची ती पीळदार तार पाहिली आहे ना? आता अशी कल्पना करा, की ती तार दगडाची आहे, तुमच्या घराच्या छताइतकी उंच आहे आणि जमिनीत सरळ उभी गाडलेली आहे! अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या वायव्य कोपऱ्यात असे दगडी पीळ जागोजागी सापडतात. काही तर नऊ फूट उंचीचे. तिथले गुरं पाळणारे लोक त्यांना सैतानाचे पीळ म्हणत. दुसरं काय म्हणणार बिचारे!

१८९१ साली अर्विन बार्बर नावाच्या प्राध्यापकांनी ते पाहिले आणि चक्रावून गेले. पुढच्याच वर्षी त्यांनी या पिळांना शास्त्रीय नाव दिलं, डेमोनेलिक्स. अर्थ तोच बरं का, फक्त ग्रीक भाषेतून!

पण हे आहे तरी काय? बार्बर म्हणाले, गोड्या पाण्यातले राक्षसी स्पंज. मग त्यांचं मत बदललं आणि ते म्हणाले, नाही, या वनस्पती आहेत. हसू नका हं. त्या काळी बहुतेकांना वाटे, की तिथे एकेकाळी मोठं सरोवर होतं. शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली त्या दगडात खरोखरच वनस्पतींच्या पेशी दिसत होत्या! अडचण एकच होती. एका पिळाच्या आत कुरतडणाऱ्या प्राण्याची हाडं निघाली. बार्बरांनी त्यावरही तोड काढली. म्हणे वनस्पती वाढताना तो प्राणी तिच्यात अडकला असेल!

१८९३ साली अमेरिकेतले एडवर्ड कोप आणि ऑस्ट्रियातले थिओडोर फुक्स या दोघांनी, एकमेकांना न विचारता, एकच उत्तर दिलं. अहो, ही तर बिळं आहेत! कुल्फी आठवा. साचा काढून घेतला की आतल्या पोकळीच्या आकाराची कुल्फी हातात येते. तसंच इथे झालं. रिकाम्या बिळात वाळू-माती भरली, तिचा दगड झाला आणि पुढे आजूबाजूची जमीन झिजून गेली. म्हणजे आपण पाहतो ती वस्तू नाहीच, एका पोकळीचा आकार आहे!

बार्बरांना हे मुळीच पटलं नाही. पण १९०५ साली कार्नेगी म्युझियमच्या ओलाफ पीटरसन यांनी दाखवून दिलं, की या पिळांत पुन्हा पुन्हा एकाच प्राण्याची हाडं मिळतात. त्याचं नाव पॅलिओकॅस्टर, म्हणजे प्राचीन बीव्हर.

बीव्हर आपल्या देशात रानात मिळत नाही. चित्रात तुम्ही तो पाहिला असेल. चपटी शेपटी, झाडं दातांनी तोडून ओढ्यावर बांध घालणारा. आपल्या घुशीसारखेच आणि खारीसारखेच त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. हा प्राचीन भाऊबंद मात्र पाण्यातला नव्हताच. सुमारे २ कोटी २० लाख वर्षांपूर्वी तो कोरड्या गवताळ माळावर राहायचा, तोही वस्ती करून. (बीव्हरच्या गोतावळ्यात युटायपोमिडी नावाचं एक चुलत घराणंही होतं. तेही सगळं नामशेष झालं. त्यांच्याबद्दल पुन्हा कधीतरी!)

आता प्रश्न राहिला, एवढं खोल बीळ त्याने खणलं कशाने? पंजाने? १९७७ साली लॅरी मार्टिन आणि डेब बेनेट या शास्त्रज्ञांनी बिळांच्या भिंतींवरचे रुंद ओरखडे तपासले. जीवाश्म झालेल्या कवटीचे दात ओल्या वाळूवर ओढून पाहिले, तर हुबेहूब तसेच ओरखडे उठले! म्हणजे हा पठ्ठ्या दातांनी खणत होता. मागचे पाय भिंतीला रोवायचे आणि स्क्रूसारखं गोल फिरत खाली जायचं. काही पीळ डावीकडे वळलेले आहेत, काही उजवीकडे. आणि तळाशी? तिथून एक लांब खोली, तीही थोडी वर चढत जाणारी.

आणि हो, त्या वनस्पतींच्या पेशींचं काय? बार्बरांचा सूक्ष्मदर्शक खोटं बोलत नव्हता. बिळाच्या भिंतीत ओलावा असायचा, म्हणून आसपासच्या झाडाझुडपांची मुळं तिथे शिरली होती. वरच्या मातीत ज्वालामुखीची राख भरपूर होती. तिच्यातली सिलिका त्या मुळांत मुरली आणि त्यांचाही दगड झाला. पेशी खऱ्याच होत्या, त्यांचा मालक तेवढा वेगळा!

आजही नेब्रास्कातल्या ॲगेट फॉसिल बेड्स या राष्ट्रीय स्मारकात हे पीळ पायवाटेने चालत जाऊन पाहता येतात.

एक गंमत सांगायची राहिलीच. अशाच एका बिळात झोडिओलेस्टिस नावाच्या, मुंगसासारख्या लांबट अंगाच्या मांसाहारी प्राण्याचा सांगाडा मिळाला. अंगाचं मुटकुळं करून तो आरामात पडलेला होता. घरमालकाकडे तो काही चहाला आला नसणार!