क्षमा नाकारणारी धार्मिकता

आपल्या धर्मग्रामांत एक समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पापाचे ओझे जो जन्मभर वाहतो तोच खरा पश्चात्तापी, आणि पापनिवेदनानंतर जो प्रसन्न मुद्रेने घरी परततो त्याला पापाचे गांभीर्य कळलेलेच नाही, असा हा समज. भक्तीचा वेष घेऊन वावरत असल्यामुळे त्याला कोणी हटकत नाही. परंतु तो ख्रिस्ती श्रद्धेशी विसंगत आहे, हे आता स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

वीस वर्षांपूर्वी निवेदन केलेले आणि क्षमा मिळालेले पाप दर प्रायश्चित्तकाळात पुन्हा सांगितलेच पाहिजे, असे अनेकांना वाटते. ख्रिस्तसभेची तशी अपेक्षा आहे काय? १९८३ च्या धर्मसंहितेचे ९८८ वे कलम पाहावे. ज्या गंभीर पापांची क्षमा या संस्कारातून अद्याप मिळालेली नाही, त्यांच्याच निवेदनाचे बंधन ते घालते. भक्तिभावाने जुन्या पापाचे स्मरण करण्यास कोणाची हरकत नाही. मात्र पहिली क्षमा अपुरी पडली असेल या भयाने ते उकरून काढणे म्हणजे संस्कारावरच अविश्वास दाखवणे होय.

लोयोलाचे संत इग्नेशियस या यातनेतून गेले होते. १५२२ साली मोन्सेरात येथे त्यांनी तीन दिवस घालवून आयुष्यभराच्या पापांचे लेखी निवेदन केले. तरीही मान्रेसा येथे शंकांनी त्यांना असे ग्रासले की, जीव देण्याचा मोह त्यांना होऊ लागला. त्यांनी आठवडाभर अन्न वर्ज्य केले. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी आज्ञा केली तेव्हा कुठे उपवास सोडला. अखेर गतकाळातील पापे पुन्हा सांगायची नाहीत असा निश्चय त्यांनी केला, आणि ती शंका देवाकडून आलेली नव्हती हे त्यांनी ओळखले. ज्या ओझ्याला आपण पुण्य समजतो, त्याला या संताने मोह मानले!

‘देवाने क्षमा केली, पण मीच स्वतःला क्षमा करू शकत नाही,’ हे वाक्य नम्र वाटते. वस्तुतः त्यात देवाच्या न्यायासनावर आपले न्यायासन मांडलेले असते. उधळ्या पुत्राने परतताना आपले बोलणे योजून ठेवले होते. मोलकरी म्हणून ठेवून घ्या, अशी विनंती तो करणार होता. लूकच्या शुभवर्तमानात ती विनंती त्याच्या तोंडून बाहेर पडतच नाही, कारण त्याआधीच पिता उत्तम झगा आणावयास सांगतो. आपण मात्र झगा अंगावर असतानाही मोलकऱ्यांच्या ओसरीवरच बसण्याचा हट्ट धरतो. यहूदालाही पश्चात्ताप झाला होता, पेत्रालाही झाला. पेत्र प्रभूच्या प्रेमाकडे वळला, यहूदा एकटाच आपल्या अपराधापाशी राहिला.

यावर आक्षेप घेतला जातो की, अपराधाची टोचणी गेली तर पापाचे भय उरणार नाही आणि तरुण पिढी बेबंद होईल. आक्षेप घेणाऱ्यांनी जक्कयाकडे पाहावे. प्रभू त्याच्या घरी उतरला, तो आनंदित झाला, आणि त्याच आनंदात त्याने लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. क्षमा मिळाली म्हणून भरपाई टळत नाही. भावाची बळकावलेली जमीन परत न करता वर्षानुवर्षे अश्रू ढाळणे मात्र सोपे असते, कारण अश्रूंनी सातबारा बदलत नाही.

आणखी एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. अपराधाची वही पुष्कळदा समाजच जपून ठेवतो. एखाद्याने दारू सोडून पंधरा वर्षे झाली तरी त्याच्या मुलीचे लग्न ठरवताना ती वही उघडली जाते. देवाने पुसलेले अक्षर पुन्हा गिरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

ज्यांचे मन खरोखरच शंकेने पोखरले आहे, त्यांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. त्यांनी एकाच धर्मगुरूंचे मार्गदर्शन घ्यावे व त्यांचा शब्द मानावा. गरज भासल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा मानू नये. इतरांनी पुढच्या वेळी पापमुक्तीचे शब्द ऐकल्यावर प्रायश्चित्त पूर्ण करावे, कोणाचे देणे असेल ते फेडावे, आणि निःशंक मनाने ख्रिस्तशरीर स्वीकारण्यास पुढे यावे. क्षमेवर विश्वास ठेवणे हे आपल्या श्रद्धांगीकारातील एक कलम आहे. दर रविवारी आपण ते उभे राहून उच्चारतो.