गोपनीयता कोणाची?

रेशनच्या दुकानातील यंत्रावर अंगठा टेकवणाऱ्या माणसाला, या यंत्रामागे जो कोणी बसला आहे त्याच्यावर तुझा विश्वास आहे काय, असे कोणी विचारीत नाही. ठसा जुळला तर धान्य मिळते. न जुळला तर ‘उद्या या’. असे असताना, शंभर कोटींहून अधिक भारतीयांनी आपल्या बोटांचे ठसे आणि बुबुळांच्या प्रतिमा सरकारच्या स्वाधीन केल्या यावरून, जनतेला खासगी आयुष्याची मातब्बरी नाही, माहिती गोळा करणाऱ्या संस्थांवर तिचा भरवसा आहे, असा निष्कर्ष राज्यकर्ते आणि त्यांचे स्तुतिपाठक काढीत असतात. तो आम्हांला अमान्य आहे. ज्याला नकार देण्याची सोयच ठेवलेली नाही, त्याच्या होकारावरून त्याच्या विश्वासाचे मोजमाप कसे होणार?

प्रश्न नवा नाही. किंबहुना सत्याग्रहाचा जन्मच या प्रश्नातून झाला. ट्रान्सवालमधील हिंदी लोकांनी बोटांचे ठसे देऊन नाव नोंदवावे, परवाना जवळ बाळगावा आणि पोलीस मागतील तेव्हा तो दाखवावा, अशा वटहुकमाविरुद्ध ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये शपथ घेतली गेली. जानेवारी १९०८ मध्ये जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड झाली, तेव्हा गांधीजींनी आपणहून नोंदणी करण्याचा सल्ला दिला, स्वतः ठसे दिले आणि त्यापायी स्वकीयांच्या हातचा मारही खाल्ला. म्हणजे ठशांचे त्यांना सोवळे नव्हते. सक्तीचा कायदा रद्द होईल या भरवशावर ते तयार झाले होते. तो रद्द होत नाही असे दिसताच १६ ऑगस्ट १९०८ रोजी हमीदिया मशिदीसमोर दोन हजारांहून अधिक परवान्यांची होळी झाली. ज्यांना आज ‘संमती’ या शब्दाचा अर्थ समजून घ्यायचा आहे, त्यांनी हे प्रकरण पुन्हा वाचावे.

महाराष्ट्रातील पारधी, कैकाडी आदी समाजांना तर हा धडा कोणी वाचून दाखवण्याची गरज नाही. गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांची नावे नोंदवहीत चढवली, आणि त्या नोंदीच्या आधारे पोलीस पाटलाकडची हजेरी आणि सोलापूरची तारेच्या कुंपणातील वसाहत त्यांच्या वाट्याला आली. कायदा १९५२ मध्ये गेला, पोलिसांच्या मनातील नोंदवही गेली नाही. ‘लपवण्यासारखे काही नसेल तर भ्यायचे कशाला?’ असे विचारणाऱ्यांची नावे बहुधा अशा कोणत्याही वहीत कधी चढलेली नसतात.

देशातील पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिले गेले. योजना ऐच्छिक असल्याचे तेव्हा सांगितले जात होते. ते ऐच्छिकपण किती टिकले हे वाचक जाणतात. २०१५ मध्ये सरकारच्या महान्यायवादींनी सर्वोच्च न्यायालयात, खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, अशी भूमिका घेतली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ती एकमताने फेटाळली आणि खासगीपणा ही मूठभर सुखवस्तूंची चैन आहे हा युक्तिवादही नाकारला. आपल्या चळवळीतही हा मध्यमवर्गीयांचा प्रश्न आहे असे म्हणणारे भेटतात. त्यांनी या निकालाची दखल घ्यावी. मोबाइलवरून कर्ज देणाऱ्या सावकारी ॲपनी कर्जदारांच्या फोनमधील नातलगांचे क्रमांक उपसून त्यांना धमकावले. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेला अशा माहितीस हात लावण्याची मनाई करावी लागली. त्या जाचात सापडलेले चार-पाच हजारांच्या निकडीसाठी कर्ज काढणारे लोक सुखवस्तू खचित नव्हते.

या निकालानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला. कंपन्यांना अडीचशे कोटींपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे; पण तो दंड सरकारी तिजोरीत जमा होईल, ज्याची माहिती फुटली त्याला या कायद्याखाली भरपाई नाही. उलट खोटी अथवा क्षुल्लक तक्रार केल्यास नागरिकालाच दहा हजारांपर्यंत दंड! सरकारच्या कोणत्याही यंत्रणेला केंद्र सरकार अधिसूचनेने कायद्यातून मोकळे करू शकते, आणि तक्रारी ज्या मंडळापुढे जायच्या त्याचे सभासदही केंद्रच नेमणार. सर्वांत मोठ्या माहितीसंग्राहकानेच आपल्यासाठी मागचे दार उघडे ठेवले आहे.

याहून गंभीर गोष्ट या कायद्याच्या अखेरच्या कलमात दडली आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात खासगी माहिती नाकारण्याला मर्यादा होती: सार्वजनिक कामाशी तिचा संबंध नसेल तरच ती नाकारता येई, आणि संसदेला जी माहिती नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येत नव्हती. या मर्यादा २०२३ च्या कायद्याने काढून टाकल्या आणि नोव्हेंबर २०२५ पासून ती दुरुस्ती अंमलात आली. व्यापक जनहिताचे कलम अजून शाबूत आहे असे सरकार सांगते. खरे आहे, पण जनहित कशात आहे ते प्रथम ठरवणार तोच अधिकारी, ज्याच्या कारभाराची चौकशी चालली आहे. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने हजेरीपटावरील नावे जनसुनवाईत मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा मेलेल्यांच्या नावे उचललेली मजुरी उघड झाली. आता नाव म्हणजे व्यक्तिगत माहिती! मजुराचा अंगठा सरकारला उघडा, आणि हजेरीपट मजुराला बंद.

माहिती गोळाच करू नये अशी आमची भूमिका नाही. समाजवाद्यांनी जातनिहाय गणनेची मागणी अनेक वर्षे केली आहे, आणि २०२७ च्या जनगणनेत जातीची नोंद होणार हे त्या मागणीचे यश आहे. १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची मोजणी जनगणनेत होईल. परंतु दारात आलेल्या प्रगणकाला आपली जात, घर आणि स्थलांतर खरेखुरे सांगण्यासाठी माणसाच्या मनात भीती नसावी लागते. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमाने, व्यक्तीने दिलेली माहिती कोणाला पाहता येणार नाही व तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही, असे वचन दिले आहे. प्रगणना या वेळी कागदाऐवजी मोबाइलवर होत असल्याने हे वचन प्रत्येक वस्तीत, विशेषतः भटक्या-विमुक्तांच्या पालांवर आणि मुस्लिम मोहल्ल्यांत, लोकांच्या भाषेत सांगणे आणि ही माहिती दुसऱ्या कोणत्याही यादीला जोडली जाणार नाही असे लेखी आश्वासन सरकारकडून मागणे, ही कामे तालुका शाखांनी हाती घ्यावीत. माहिती अधिकारातील जुन्या तरतुदी पूर्ववत कराव्यात, ही मागणी त्याच सभांतून ठरावाच्या रूपाने आपापल्या खासदारांकडे गेली पाहिजे.