घरचाच भाडेकरू बदलतो तेव्हा

जून २०२० मध्ये लोणारचे सरोवर गुलाबी झाले, तेव्हा बुलढाणा जिल्ह्यात तर्ककुतर्कांना ऊत आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून कारण सांगितले: पाणी आटून क्षारता वाढली आणि ती मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांची बेसुमार वाढ झाली. जागा पालटली की तिला साजेसा जीव वरचढ ठरतो. हाच नियम माणसाच्या आतड्यातही चालतो, ही गोष्ट मात्र सार्वजनिक आरोग्याच्या विचारात अद्याप पुरती उतरलेली नाही.

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने मननीय आहे. एंटेरोकॉकस गॅलिनेरम हा आतड्यातील जंतू त्यांनी जंतुविरहित वाढविलेल्या उंदरांत सोडला. काळ जाऊ लागला तसे त्याचे दोन वंश झाले. एक आतड्याच्या पोकळीत रमला. दुसऱ्याने अस्तराशी घरोबा केला. हा दुसरा वंश शरीराच्या संरक्षक यंत्रणेस चकवून यकृतापर्यंत पोहोचला, तेथे टिकला आणि दाहास कारण झाला. बाहेरून कोणी शत्रू आला नव्हता. घरचाच भाडेकरू बदलला होता. हाच जंतू स्वयंप्रतिकार विकाराच्या काही रुग्णांच्या यकृतातही आढळल्याचे २०१८ सालीच प्रसिद्ध झाले होते.

उंदरांवरील प्रयोगाने माणसांनी धास्तावण्याचे कारण काय, असा आक्षेप कोणी घेईल. धास्तीचे कारण नाहीच. पण दुर्लक्षाचेही नाही. आतड्यांतून निघालेले रक्त हृदयाकडे जाण्यापूर्वी यकृतातून जाते. आमांशाचा अमीबा, जातीने निराळा असला तरी, याच वाटेने जाऊन यकृतात गळू करतो, हे वैद्यकाला जुनेच ठाऊक आहे. नवे आहे ते इतकेच, की जंतूचे नाव कळल्याने त्याचा स्वभाव कळत नाही. एकाच नावाचे दोन वंश, एक निरुपद्रवी, दुसरा घातक, एकाच उदरात नांदू शकतात. म्हणून एकदाच केलेली तपासणी पुरेशी नव्हे. त्याच माणसांचे नमुने वर्षानुवर्षे पाहावयास हवेत.

असे काम महानगरातील प्रयोगशाळेला दुरून साधणारे नाही. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव या तालुक्यांत, पिढ्यान्‌पिढ्या खारे पाणी पोटात गेले आहे. त्या उदरातील जंतुसृष्टीचा अभ्यास त्या भूमीतच झाला पाहिजे. बुलढाण्यास २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात नमुने जतन करण्याची सोय आहे. या दोहोंची सांगड घालणे अशक्य नाही.

महाविद्यालय म्हणजे केवळ पदव्यांचा कारखाना नव्हे. सरोवराचा रंग पालटला तो साऱ्यांना दिसला. उदरातला पालट डोळ्यांना दिसत नाही. तो वेळीच ओळखणारे डोळे घडविणे, हेच त्या महाविद्यालयाचे खरे काम होय.